चंद्रव्वाने दिलेली नावं

चंद्रव्वा मूळची दुधनीची. नवरा गेल्यावर ती सोलापुरात गिरणीत लागली, तिथून थेटरात झाडलोटीला आली. मंगळवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ असे. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं काम तिला आवाजामुळे मिळालं. चित्रं मुकी, पाट्या इंग्रजीत. पहिल्या बाकावरून मी पाटीचा अर्थ हळूच सांगायची आणि ती तो मराठीत, कानडीत मोकळ्या गळ्याने सांगायची. गोऱ्यांची नावं तिने कधी घेतली नाहीत. विलायतेतला पाववाला मंद्रूपचा बसप्पा व्हायचा, राणी गोजाबाई.

१९२८ साली युरोपातल्या महायुद्धाचं चित्र आलं. इंग्रज शिपाई बिरप्पा, धुळाप्पा झाले. मग समोरच्या खंदकातला पोरगा पडला. चंद्रव्वा म्हणाली, "ह्यो अकलूजचा मानसिंग. बजाबाईचा धाकटा. लगीन ठरलं हुतं की."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मध्यंतरात मालक आण्णा तावातावाने आले. "अगं, तो जर्मन. शत्रू. त्याला कसली आई?"

"का आण्णा, तुमास्नी न्हवती व्हय?"

बायका हसल्या, आण्णा हसले नाहीत. "रात्री पुरुषांच्या खेळाला तो पडला की टाळ्या पडतात. इथे रडारड. आता त्यांच्यातल्या कुणाला नाव दिलंस, तर उद्यापासून येऊ नकोस."

माझा मुलगा सिद्धनाथ आदल्या रात्री तो खेळ पाहून आला होता. जळणाऱ्या गावाचं सांगताना त्याने भरल्या ताटावर टाळी वाजवली. विखुरलेली माणसं वर्तमानपत्रं, स्वस्त चित्रं, गाणी यांतून स्वतःला जर्मन, फ्रेंच म्हणू लागली, असं कॉलेजात आम्हाला कौतुकाने शिकवलं होतं. त्यासाठी समोरच्याची आई आधी पुसून टाकावी लागते, हे कुणी शिकवलं नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. मी पाटी वाचली, "शत्रूचा नायनाट."

चंद्रव्वाने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चिखलात माणसं पडत होती.

"ह्यो सारजाबाईचा," ती म्हणाली. "ह्यो केराबाईचा. आन् ह्यो..."

दिवे लागले. आण्णांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती पुन्हा गिरणीत गेली.

आण्णांचा मला संताप येतो. त्या बायकांचा जास्त येतो. पुढच्या मंगळवारी, त्याच चित्राला, पडद्याशेजारी एक गडी उभा होता. पोरगा पडला. गड्याने टाळीसाठी हात वर केले आणि गेल्या खेपेला रडलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला पाट्यांचा अर्थ सांगायला मी नकार दिला.

त्याला त्या अर्थाची गरजही नव्हती.