लाडावलेली मोटार

मोटार माझ्या गॅरेजच्या फाटकातून आत आली ती बैलांच्या मागे. पुढे कापसाच्या बैलबंडीची जोडी, बंपरला दोर, स्टिअरिंगवर देवराव ड्रायव्हर घामाघूम, आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ. मागच्या सीटवर आप्पाजी बसलेले. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ते बैलांनाच समजावत होते, "सावकाश बापा, सावकाश! तिले झटका देऊ नोका!"

बाजूने मधुकरराव पायी येत होते. दर्यापूरकडचे मोठे शेतकरी, मोटारीचे मालक आणि आप्पाजींचे चिरंजीव. मोटार अकोल्याच्या नाक्याशी बंद पडली आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे अर्ध्या तालुक्याने ही वरात पाहिली होती. त्यांचं तोंड बॉनेटपेक्षा जास्त तापलं होतं.

"मिस्त्री, गाडी नीट करून दे," ते म्हणाले, "अन् यानं तिची वाट कशी लावली ते मले लोकांसमोर सांग. आज याले काढूनच टाकतो."

हा म्हणजे देवराव. तो दोर सोडून गुंडाळत बसला.

तेव्हा अकोल्यात मोटारी मोजक्याच होत्या आणि माझं गॅरेज नवं होतं. ही गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, विलायती, वजनदार. देवरावच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरात मजुरी सोडून दुसरं काम धरणारा तो पहिलाच. त्याच्या हातात स्टिअरिंग आलं हे गावात दोन-चार जणांच्या डोळ्यांत खुपत होतं. गाडी बिघडवली म्हणून काढून टाकलं असतं, तर त्या भागात त्याला पुन्हा कोणी गाडीला हात लावू दिला नसता. ड्रायव्हरचं नाव एकदा खराब झालं की झालं.

मी विचारलं, "तक्रार काय आहे?"

"दोन आहेत," मधुकरराव म्हणाले. "एक, गाडी उकळते. चार-पाच मैल गेली का चहाचं आधण. दुसरी, स्टिअरिंग. वळवली का वळते, पन सरळ व्हाचं नाव नाही घेत. परवा यानं जिनिंगच्या आवारात गाडी सरळ सरकीच्या ढिगात घातली. आमच्या इथला मेकॅनिक म्हने, ड्रायव्हर पहिल्या गिअरात दामटते, म्हनून तापते. अन् स्टिअरिंगशी कुस्ती खेयते, म्हनून ते अडकते."

माझं डोकंच फिरलं. "रोगी आनला अन् निदानबी संगंच आनलं? मंग मी इथं काय करू? आरती ओवाळू?"

"तू तुहं पाह्य," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. आप्पाजी मात्र गाडीपासून हलले नाहीत. मडगार्डवरून हात फिरवत उभे.

राजेहो, स्टिअरिंगचं एक साधं गणित आहे. वळण घेऊन झालं आणि हात सैल सोडला की चांगल्या गाडीची चाकं आपोआप सरळ होतात. होत नसतील तर वाटेत कुठेतरी काहीतरी घट्ट बसलंय. आता हे घट्ट बसलेलं ठिकाण शोधायचं म्हणजे एकेक सांधा सोडवत जायचं. मी पुढचा भाग जॅकवर उचलला. दोन्ही चाकं अधांतरी. दोन चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, आणि स्टिअरिंगकडून चाकाला येणारा दांडा, दोन्ही काढले. मग स्टिअरिंग फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. म्हणजे वरचा स्टिअरिंग बॉक्स निर्दोष. आता चाक हाताने वळवायला गेलो. हलेना. दोघांनी धरून ओढलं तेव्हा कुरकुरत वळलं आणि तिथंच रुसून बसलं.

म्हणजे दोष किंगपिनमध्ये. किंगपिन ही एक जाड उभी खीळ असते, पुढचं चाक तिच्याभोवती वळतं. दाराला बिजागरी, तशी चाकाला किंगपिन. या जुन्या गाडीत तिला तेल पाजायला वर पितळेची छोटी टोपी होती. टोपी हाताने उघडायची, तेल सोडायचं, बंद करायची.

खीळ ठोकून बाहेर काढायला बराच वेळ गेला. तिच्यावर पिवळट तपकिरी, कडक, चकचकीत थर होता. गंज नव्हे, वाळलेलं ग्रीससुद्धा नव्हे. नखाने निघेना. मी पटाशीने खरवडलं, घासलेटमध्ये टाकलं, तरी ढिम्म. नाकाशी नेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर रंगाऱ्याचा डबा आला.

जवसाचं तेल! रंगारी दारांना रंग देताना तेच वापरतात, कारण ते हवेत वाळून कडक होतं. दारावर ते चांगलंच, पण किंगपिनमध्ये म्हणजे सांध्यात डिंक ओतल्यासारखं.

मी देवरावला पाण्याच्या टाकीपाशी नेलं. "या टोपीत तेल कोन टाकते?"

"मी टाकतो. तुमच्याच इथून नेलेलं."

"अन् दुसरं कोन?"

तो टाकीतल्या पाण्याकडे पाहत राहिला.

"अबे, तुही नोकरी जाऊन राह्यली, अन् तू मुका बसला?"

"सांगू कोनाले, मिस्त्रीभाऊ?" तो हळूच म्हणाला. "मी जेवाले जातो तेव्हा आप्पाजी गोठ्यातून तेलाची बुधली घेऊन येतेत. मी पाह्यलं हाय. मालकाच्या बापाचं नाव मी घेऊ? कोन मानंन?"

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. गाडीचं दुखणं सापडलं होतं, पण तोंड माझंही अडकलं होतं. मधुकरराव माझे मोठे गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांकडे बोट दाखवायचं म्हणजे सापाच्या बिळात हात घालणं. म्हटलं, आधी दुसरं दुखणं पाहू.

गाडी तापण्याला कारणं पुष्कळ. फॅनचा पट्टा पाहिला, ताठ होता. इंजिनाचं टायमिंग पाहिलं, बरोबर होतं. मग इंजिन थोडा वेळ चालू ठेवून रेडिएटरला हात लावला. रेडिएटर म्हणजे बॉनेटखाली, गाडीच्या नाकामागची जाळी. तिच्या बारीक नळ्यांतून गरम पाणी वरून खाली येतं आणि येता येता थंड होतं. इथे वरचा भाग पोळत होता आणि खालचा भाग माठासारखा गार! वरचं पाणी खाली पोचतच नव्हतं. नळ्या तुंबलेल्या.

रेडिएटर काढला, उलटा केला आणि खालच्या तोंडातून पाण्याचा जोर मारला. आधी काहीच नाही. मग खरखर झाली आणि फरशीवर तपकिरी, बुळबुळीत लपका पडला. त्यात बारीक टरफलं.

मी तो लपका तसाच्या तसा हातावर घेतला आणि आप्पाजींपुढे धरला. "आप्पाजी, हे काय असंन बरं? मले तं समजून नाही राह्यलं. तुमची नजर जुनी."

आप्पाजींनी चिमूट उचलली, बोटांत चोळली, हुंगली. आणि मी हां हां म्हणेपर्यंत जिभेवर ठेवली!

"जवस हाय," ते छाती काढून म्हणाले. "अस्सल आपल्या वावरातलं. कुटून बारीक केलेलं."

मधुकरराव बाकावरून उठले. "आप्पा? जवस रेडिएटरमंदी कसं गेलं?"

"म्या टाकलं. काहून?" आप्पाजींना अजून कशाचाच पत्ता नव्हता. "तिचं पानी गयत होतं. थेंब थेंब, थेंब थेंब. पाह्यवत नव्हतं. दोन मुठी टाकलं तं गयती बंद झाली. मंग दर आठोड्याले एक मूठ चालू ठेवलं. अन् सांध्याले तेल. बैलाले जवस देल्यावर कसा चमकते! मंग हे बी मुकं जनावरच हाय ना? हे काळं विलायती तेल प्यायले कोनाले आवडंन?"

मला हसू आवरेना. आणि म्हाताऱ्याचं पहिलं म्हणणं खोटंही नव्हतं. जवसाचं कूट पाण्यात फुगतं आणि बारीक भोक बुजवतं. फक्त त्याला भोक कोणतं आणि नळी कोणती हे कळत नाही. सगळंच बुजवून टाकतं.

मधुकररावांची मात्र पंचाईत झाली. बापाला बोलता येईना आणि बोललेला शब्द गिळता येईना. "ते ठीक हाय," ते पुटपुटले, "पन ड्रायव्हरचं ध्यान कुठं होतं? गाडी त्याच्या ताब्यात होती ना? चूक त्याचीबी हायच."

म्हणजे पाणी वळून पुन्हा देवरावच्याच अंगणात. मी म्हटलं, "गाडी होऊ द्या. घाटात चालवून पाहू, मंग काय ते ठरवा."

रेडिएटर धुण्याच्या सोड्यात उकळून काढला, गळत होता तिथे डाख दिला. दोन्ही किंगपिन घासून लख्ख केल्या, योग्य तेल भरलं आणि टोप्या पान्याशिवाय उघडणार नाहीत अशा आवळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पातूरच्या घाटाकडे निघालो. देवराव स्टिअरिंगवर, शेजारी आप्पाजी, मागे मी आणि मधुकरराव. आप्पाजींचे हात मी आधीच तपासले होते, बुधली नव्हती.

चढ लागला. गाडी दमाने वर चढली, वाफेचा पत्ता नाही. एका मोठ्या वळणावर देवरावने गाडी वळवली आणि हात सैल सोडले. स्टिअरिंग आपसूक फिरून सरळ झालं. माथ्यावर त्याने गाडी थांबवली, मी रेडिएटरवर तळवा ठेवला आणि निवांत ठेवूनच उभा राहिलो.

मधुकररावांनी घसा साफ केला. "बरं देवराव. या खेपेले ठेवतो तुले."

कोणालाही वाटलं असतं, तो हात जोडेल. देवराव गाडीतून उतरला, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मी राह्यतो साहेब. पन बॉनेटले कुलूप लागंन, अन् चावी माह्यापाशी राहीन. न्हाई तं आजच मोकयं करा."

मधुकरराव लाल झाले. "मालक मी अन् कुलूप तुहं?"

तेवढ्यात आप्पाजी दार उघडून खाली आले. शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, जगात त्यांना मोठा मान होता. पटात जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात.

"मधू," ते म्हणाले, "जोडी पटात उतरली का धुरकऱ्याच्या हाती असते. तेव्हा मालकानं कासऱ्याले हात लावला, तं लोक धुरकऱ्याले नाही हसत, मालकाले हसतेत. म्या हात लावला. आता लोकाईले आनखी हसाले देऊ नोको."

मग देवरावकडे वळून, "घे बापा, तुहं कुलूप लाव. मजबूत लाव. माह्या हाताचा मले भरोसा नाही."

मधुकरराव मान हलवून गाडीत जाऊन बसले. गॅरेजवर परतल्यावर मी बॉनेटला कडी-कोयंडा बसवला आणि चावी त्यांच्या समोर देवरावच्या हातात दिली. त्याने ती खिशात टाकली आणि मग पहिल्यांदा हसला. पुढे कितीतरी वर्षं ती गाडी त्यानेच चालवली आणि ती कधी तापली म्हणून माझ्याकडे आली नाही.

मी मात्र तेव्हापासून एक पद्धत ठेवली. गाडी आली की ड्रायव्हरने काय केलं हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, घरात गाडीवर जीव कोणाचा आहे.