दोन्ही टोकांचे नंबर

पॅनलच्या कामात हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं! त्यामुळे आमच्या निघोजेच्या शेडमध्ये किस्से साठत जातात. काम काय, तर कारखान्यातली मशिनं चालवणारी कपाटं बनवायची. आत वायरींचं जंगल. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर छापलेली बारीक नळी चढवायची. तिला आम्ही फेरूल म्हणतो. नंबर चुकला, तर बंद समजून हात लावलेली वायर चालू निघते.

*

शिंदेभाऊ मूळचे लातूरचे, आमचे सगळ्यांत जुने वायरमन. सवयीनं त्यांनी घरच्या स्विचबोर्डलाही नुसते नंबर लावले. वहिनी वैतागल्या, "पंखा लावायला आता आधी ड्रॉइंग बघू का?"

*

आमच्यातल्याच पवारनं एकदा फेरूल चढवायच्या आधीच वायरी ओळीत बसवून त्यांना प्लास्टिकचे टाय मारून टाकले. दिसायला एकदम झकास! शिंदेभाऊ बघून म्हणाले, "नवरदेव नटलाय लई भारी, पर नाव कुनी इचारलं का?"

सगळे टाय कापावे लागले. पवारची अख्खी दुपार त्यातच गेली.

*

फेरूलचं काम सुनीताताईंकडे. एकदा टेम्पो गेटवर उभा, कस्टमरचे फोनवर फोन. मी घाईत म्हणालो, "ताई, मागच्या बाजूचे नंबर राहू द्या, तिथं कोण बघतंय?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "आमचे हे बघतात. त्याच कंपनीत मेंटेनन्सला आहेत."

सगळे नंबर लागेपर्यंत टेम्पो थांबला. खरं सांगतो, तेव्हापासून फेरूल बघितली की मला आधी त्या वायरीला लागणारा हात दिसतो.

*

पुढे तेच पॅनल बिघडलं म्हणून मी महाळुंग्याला त्या कंपनीत गेलो. उत्पादनाची लाइन बंद. ताईंचे मिस्टर, संजय, मेन स्विच पाडून पॅनलसमोर बसलेले. फेरूल वाचायची, तरी वायरीला मीटर लावून करंट नाही ना ते बघायचं, मगच हात घालायचा. असं प्रत्येक वायरीला!

शिफ्ट इनचार्जचा धीर सुटला. "अरे संजय, नंबर आहेत ना? मग एकेक काय तपासत बसलास?"

"आहेत की. आमच्या मंडळींनीच लावलेत."

"मग बायकोवर भरवसा नाही का राव?"

सगळे हसले. संजयही हसले. मग पुढच्या वायरीला मीटर लावत म्हणाले, "माझं काय व्हायचं ते कशानंही होऊ दे साहेब. तिच्या हातनं नको व्हायला."