सामोआच्या सिनाकडचा सण

सिनाकडे गेलं आणि नुसतं जेवून परत आलं, असं कधी झालंच नाही. डब्याबरोबर एखादा किस्सा यायचाच. ऐंशीच्या दशकात सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत आम्ही दोघी शेजारी बसून काम करायचो. ती सामोआची, पॅसिफिकमधल्या बेटांवरची. वर्षातून एकदा तिच्या गावचे सगळे तिच्या बॅकयार्डमध्ये जमायचे. दिवसभर खाणं, गाणं, नाच.

*

पहिल्या वर्षी बघते तर सिना अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधत होती. अळू, अमेरिकेत! पुढच्या खेपेला मी अळूवड्या नेल्या. तिच्या बाबांनी चवीने खाल्ल्या आणि तिच्यामार्फत विचारलं, तुमचं बेट कुठलं?

आमचे हे गंभीरपणे म्हणाले, "पुणे."

बाबांनी जरा विचार केला. "लहान असणार. ऐकलं नाही कधी."

*

स्वयंपाक अंगणातच, तापवलेल्या दगडांवर. एकदा धूर पाहून कुणीतरी फायर ब्रिगेडला बोलावलं. बंबावरचे लोक धावत घरामागे आले, तर सिनाच्या मावशीने त्यांच्या हातात ताटंच दिली.

पुढच्या वर्षी फायर स्टेशनवरूनच फोन आला, "यंदा धूर कधी करताय?"

*

बाबा त्यांच्यातले मोठे मानकरी. ते बसलेले असताना समोरून जायचं तर कमरेत वाकून, माफी मागत. आमची लेक मेघा ते शिकून आली आणि घरी ह्यांच्यासमोरूनही तशीच जायला लागली.

हे आठवडाभर सोफ्यावरून हलले नाहीत.

*

सणाचा शेवटचा नाच घरातल्या मुलीचा. तिला मान द्यायला तरणी पोरं तिच्या पायांपुढे आडवी होतात आणि ती त्यांच्या पाठीवर पाय ठेवून नाचते. त्या वर्षी पाळी सिनाच्या मुलीची, लागीची होती. तिने केस अगदी बारीक कापले म्हणून बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. सिनाने कशीबशी समजूत घालून तिला उभी केली. पण अर्ध्यात पोरीची नजर बाबांकडे गेली आणि ती थांबली. गाणारे गातच राहिले.

बाबा उठले. काठी सिनाकडे दिली, सावकाश चालत गेले आणि नातीच्या पायांपुढे गवतावर पालथे झोपले.

लागी घाबरली. "ग्रँडपा, प्लीज, गेट अप."

बाबांनी मान वर केली नाही. काय म्हणाले ते सिनाने डोळे पुसत मला सांगितलं. "ठेव पाय."

तिने अनवाणी पाऊल अलगद त्यांच्या पाठीवर टेकवलं आणि दोन्ही हात वर उचलले.