मागच्या पुठ्ठ्यातलं पान

कुठलंही बांधीव पुस्तक हातात आलं की अण्णा ते आधी उलटं करायचे, मागच्या पुठ्ठ्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे आणि कानाशी न्यायचे. कोणी बघतंय असं लक्षात आलं तर ओशाळं हसून म्हणायचे, "आत कोण आहे बघतो, अक्का."

तुम्ही असतात तर तुम्हालाही ती धंद्यातली खूणच वाटली असती. कलिंगड घेताना आपण वाजवून बघतो, तसंच बाइंडर पुस्तक वाजवून बघत असेल, असं मी स्वतःला सांगून टाकलं होतं.

चामराजपेटेतल्या त्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायची. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन पुण्याहून बंगळुरात आलेली मी एम. ए. मराठी, आणि त्या पदवीचा तिथे उपयोग काय, तर तिथल्या मराठी मंडळाची स्मरणिका आणि समाजाच्या लग्नपत्रिका. त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं. अण्णा पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत. बोटांना खळीचा वास आणि खळीत घालायच्या मोरचुदानं नखं कायमची निळसर. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. "तुमची मराठी पुस्तकातली, अक्का. आमची घरातली," असं ते म्हणायचे. वीस वर्षांनी मोठा माणूस आपल्याला अक्का म्हणतो याची मला आधी मौज वाटली. मग कळलं की हा इथला मान देण्याचा प्रकार आहे, आणि मी गुपचूप तो घ्यायला लागले.

एकदा एका देवळाच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं पुन्हा बांधायला आली. अण्णांनी एकाचा मागचा पुठ्ठा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि तासाभरानं सोलायला घेतला. विकतचे पुठ्ठे परवडत नसत तेव्हा बाइंडर लोक रद्दीची पानं खळीनं एकावर एक चिकटवून, वजनाखाली दाबून पुठ्ठा तयार करत. त्यामुळे आतून जुनी वर्तमानपत्रं निघणार हे ठरलेलं. पण या पुठ्ठ्यातून निघाला मुखवटा घातलेला एक माणूस. करडा झगा, आवळलेली मूठ, निम्मं शरीर भिंतीच्या अलीकडे आणि निम्मं पलीकडे.

अण्णा पाटावरून उठले आणि परत बसले. ते चित्र त्यांनी तळहातावर घेतलं. मग म्हणाले, "हे मीच घातलेलं."

पुढची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. ती मी सलग सांगते.

अण्णांना एक धाकटा भाऊ होता. वडील लवकर गेले, तेव्हा घर अण्णांवर आलं. भाऊ तेवीस वर्षांचा झाला तरी कुठे टिकेना. दिवसभर माळ्यावर बसून कॅन्टोन्मेंटकडच्या दुकानातून आणलेले जुने अमेरिकी कॉमिक्स वाचायचा. उडणारे, मुखवटेवाले, भिंत फोडणारे. "घोडा झालास आणि चित्रं बघतोस?" असं अण्णा रोज म्हणायचे. एका श्रावणात छापखान्यात बांधणीचं काम साचलं आणि रद्दी संपली. अण्णांनी घरी जाऊन माळ्यावरचा गठ्ठा उचलून आणला. रद्दीही मिळाली आणि भावाला धडाही. पंधरवडाभर ते ती पानं पुठ्ठ्यात घालत राहिले.

"शेवटचं पान लावत होतो, तेव्हा तो आला," अण्णांनी सांगितलं. "ब्रश माझ्या हातात. पानावर खळ. ओरडला नाही, अक्का. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, 'अण्णा, ते मी अजून वाचलं नव्हतं.'"

त्याच संध्याकाळी तो घरातून गेला. या गोष्टीला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही.

"कुठल्या पुस्तकात घातलं ते शेवटचं पान?" मी विचारलं.

"आठवत नाही," अण्णा म्हणाले आणि सुई ओवायला लागले.

ती टकटक कशासाठी होती, हे मला त्या दिवशी कळलं. बावीस वर्षं हा माणूस येईल ते पुस्तक वाजवून बघत होता, आणि उघडून बघायचं धाडस त्याला झालं नव्हतं. आता एक पुठ्ठा कामाच्या ओघात उघडला गेला होता.

अण्णांनी ठरवलं की भावाचा गठ्ठा, म्हणजे त्या करड्या झग्यातल्या माणसाचे बारा अंक, पुन्हा जुळवायचा. तो येईल तेव्हा हातात द्यायचा. मी म्हटलं, "अण्णा, बावीस वर्षांनी कोण..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्यांचा चेहरा बघून कोणीही सोडलं असतं.

ते बांधलेल्या प्रत्येक पुस्तकात मागच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली आणि महिना-साल लिहीत. त्यामुळे त्या श्रावणातली पुस्तकं ओळखता येत होती. ती गावभर पांगलेली. अण्णा रविवारी निघायचे, शाळेत, वाचनालयात, वकिलांकडे जायचे आणि म्हणायचे, "जुनी बांधणी फुकट नवी करून देतो." फुकट म्हटलं की माणसं दार लावून घेतात. कोरमंगलाला नवं घर बांधून राहायला गेलेल्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे ते मला इंग्रजी बोलायला घेऊन गेले. वकिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं, फुकट का? मी काहीतरी जुळवायच्या आत अण्णाच कन्नडमध्ये म्हणाले, "मागे माझ्या हातून एक चूक झालीय. ती दुरुस्त करायचीय." झालं. चूक म्हणजे पानं गहाळ झाली असतील अशा संशयानं वकिलांनी अण्णांनी बांधलेले कायद्याचे चारही खंड काढून आमच्यासमोर एकूण एक पान तपासलं. तासभर आम्ही पायपुसण्याशेजारी उभे. पानं पूर्ण निघाली तसे वकील जरा खट्टू झाले आणि खंड देऊन टाकले. त्यांतून नववा अंक जवळजवळ अख्खा निघाला. परतताना बसमध्ये अण्णांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आणि मग ते वाचायला लागले.

पंचावन्नाव्या वर्षी, सातवी शिकलेला माणूस, इंग्रजी कॉमिक्स! जेवणाच्या सुट्टीत डबा उरकून माझ्या टेबलाशी यायचे. टेबलावर छापखान्याचा जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. त्यात मी शब्द शोधायची आणि ते मान हलवायचे. पहिले काही दिवस मी हे उपकार म्हणून करत होते. असली चित्रांची पुस्तकं मी जन्मात हातात धरली नव्हती. आमच्या घरी ती वाया गेलेल्या मुलांची समजत. तिसऱ्या अंकापर्यंत माझा डबा बंदच राहायला लागला.

त्या करड्या झग्यातल्या माणसाला भिंतीतून आरपार जाता यायचं. कुठलीही तिजोरी, कुठलाही तुरुंग त्याला अडवू शकत नसे. पण शत्रूंना घरचा पत्ता कळू नये म्हणून त्यानं घर सोडलेलं. प्रत्येक अंकाच्या शेवटी, सगळी मारामारी संपल्यावर, तो आपल्याच घराच्या भिंतीबाहेर येऊन उभा राहायचा, आतला भांड्यांचा आवाज ऐकायचा आणि निघून जायचा. रंग विटलेले, ठिपके ठिपके दिसणारे, कागद पिवळा आणि खळीनं कडक. तरी ते शेवटचं चित्र आलं की मला लगेच पान उलटवत नसे. बत्तिसाव्या वर्षी मला कळलं की ही पोरकट पुस्तकं नव्हती. मी न वाचताच त्यांना तसं ठरवून टाकलं होतं. अण्णांनीही तेच केलं होतं, फक्त त्यांना त्याची किंमत मोठी पडली होती.

"अक्का, 'झ्वाप' म्हंजे काय? कोशात नाही."

"तो आवाज आहे, अण्णा. भिंतीतून बाहेर पडल्याचा."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मग छापखान्याच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "इथं असा नाही येत. इथं स्वल्प पान उलटल्यागत येतोय."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यानंतर मीही ऐकायला लागले. मशीन बंद असायचं, सगळे जेवायला गेलेले, आणि बांधणीच्या खोलीच्या पलीकडे काहीतरी हलकेच सळसळायचं. कागदाच्या गोदामात कागद सळसळणारच, हे मला कळत होतं. तरी माझी पेन्सिल थांबायची. अण्णा शिवण थांबवून, सुई हवेत धरून बसायचे. "आमच्यात म्हणतेत, गेलेला माणूस दारानं येतोय. खोटं आहे, अक्का. तो दारानं येत नाही. बाहेर उभा राहतोय."

अडीच वर्षांत अकरा अंक पुरे झाले. बारावाही, फक्त शेवटचं पान सोडून. त्याच्या आधीच्या पानावर करड्या झग्यातला माणूस घराच्या भिंतीवर हात ठेवून उभा होता. आता आत जातो की नाही, ते पुढच्या पानावर.

माझा जीव टांगणीला लागला. "शोधा ना, अण्णा!" मी त्यांच्या मागेच लागले. ते "सरी, सरी, बघू या," म्हणायचे आणि विषय बदलायचे. याच सुमारास एकदा शब्दकोश माझ्या हातून पडला आणि मागचं पान उघडलं. कोपऱ्यात फुली, आणि खाली तोच श्रावण.

"अण्णा, हा पण त्यातलाच की!"

त्यांनी कोश माझ्या हातातून काढून घेतला, फडक्यानं पुसला आणि सरळ ठेवला. "ह्यात काही नाही. बघून झालंय."

चुका शोधणं हा माझा धंदा. काना-मात्रा सुटली तर मला झोप लागत नसे. पण गावातलं प्रत्येक पुस्तक वाजवणाऱ्या या माणसानं माझ्या टेबलावरच्या कोशावर एकदाही टकटक केली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुढे संगणक आले, ऑफसेट आलं आणि बांधणीचं खातं बंद झालं. निरोपाच्या दिवशी गळ्यातला हार काढून हातात धरत अण्णा माझ्याकडे आले. "कोश मालकांना सांगून तुमच्या नावावर केलाय. घरी न्या. ओल लागू देऊ नका." मी त्याला भेट समजले.

आठ महिन्यांनी अण्णा गेले. झोपेतच. पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन माझ्या घरी आल्या. करड्या कापडाची बांधणी. बारा अंक, एकेक पान पातळ कागदानं सांधलेलं. इतकं सुरेख काम मी त्या छापखान्यातही पाहिलं नव्हतं.

"रोज संध्याकाळी घेऊन बसत होते," त्या म्हणाल्या. "मी भांडी घासायला बसले की म्हणायचे, 'स्वल्प जोरात वाजव.' का म्हणून विचारलं तर सांगेनात. पुस्तक शेवटाला आलं की मिटायचे. पुढं काय झालं म्हटलं तर म्हणायचे, 'आधी त्यानं वाचू दे.'"

मी शेवट उघडला. एखादं पान हरवलेलं असेल तर बाइंडर त्या जागी कागदाची अरुंद पट्टी शिवून ठेवतात. पान मिळालं की तिला चिकटवायचं. बाराव्या अंकाच्या शेवटी तशी कोरी पट्टी होती, आणि तिला टाचलेली कामाची चिठ्ठी, अण्णांच्या अक्षरात:

"शेवटचं पान अक्कांच्या कोशात. मागचा पुठ्ठा, आतून तिसरा थर. कोमट पाणी. घाई नको. तो आल्याशिवाय काढू नये."

त्या निघून गेल्यावर मी खूप रडले. म्हणजे मी शब्द शोधत होते तेव्हा, मी "शोधा ना" म्हणून मागे लागले होते तेव्हाही, ते पान दोघांच्या मध्ये टेबलावर होतं. भावानं वाचलं नव्हतं म्हणून अण्णांनीही वाचलं नाही. हात लांब केला की मिळणारी गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही.

मी काही अण्णा नाही. एका दुपारी परातीत कोमट पाणी घेऊन मी कोशासमोर बसले. पाणी गार होईपर्यंत बसले. मग ते कढीलिंबाच्या कुंडीत ओतलं.

आता भाऊ असलाच तर पंचाहत्तरीचा असेल. करडं पुस्तक आणि कोश माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. घरात मी एकटीच असते, पण संध्याकाळी भांडी लावताना मुद्दाम वाजवते. आणि अवेळी दाराची कडी वाजली की आधी कोश जागेवर आहे ना ते बघते, मग दार उघडते.