बाजारातली पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. गणपतीपुढे हात जोडून उभी राहते तेव्हाही हा विषय मी टाळते — त्याला सांगायचं तरी काय, सगळं त्याच्या डोळ्यांदेखतच तर झालं! तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे हो.

गोष्ट अळूवडीची आहे. हसू नका. मलाही आधी वाटायचं, स्वयंपाकघरातली पापं छोटी असतात. मीठ जास्त पडलं, दूध उतू गेलं, झालं. पण तसं नसतं.

बँकेतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही कऱ्हाडहून लखनौला आलो आणि तेलीबागेत घर घेऊन इथलेच झालो. इथल्या मराठी मंडळात मला सगळे वहिनी म्हणतात. सणासुदीचा स्वयंपाक माझ्याकडे. पुरण शिजलं की नाही ते मी वासावरून सांगते. याचा मला अभिमान होता. होता कशाला, आहे. माझ्याकडे दुसरं होतं काय? डिग्री अर्धवट, नोकरी कधी केली नाही. चारचौघांत माझी किंमत होती ती माझ्या हातामुळे.

आणि मग पल्लवी आली.

नाशिकची. नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत, ठरावीक मुदतीच्या प्रकल्पावर. सई नावाची गोड मुलगी कडेवर. आली तेव्हा हिला साधं वरण फोडणीला टाकता येत नव्हतं — अतिशयोक्ती नाही. मोहरी तडतडायच्या आधीच हिंग घालायची. दुपारी माझ्या ओट्याशी उभी राहून शिकली सगळं. तेल किती तापलं ते बघायला पिठाचा कण टाकायचा, भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, शेंगदाणे मंद आचेवर भाजून गार झाल्यावरच कुटायचे, नाहीतर तेल सुटतं. ताई, ताई करत मागे फिरायची. मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? खूप आवडायचं.

मग तिनं व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. लहान लहान, मिनिटभराचे. ज्वारीच्या पिठाचे पॅनकेक, नाचणीचे मोमो, एअर फ्रायरमधली कोथिंबीरवडी. लोकांना हल्ली असलंच लागतं. माझं थालीपीठही टाकलं तिनं, माझ्याच भाजणीचं. म्हणाली, ही आमच्या नाशिकच्या आजीची रेसिपी. मी म्हटलं, जाऊ दे. पोर आहे.

पण पुढचा व्हिडिओ जाऊ द्यावा असा नव्हता. त्यात ती दोन भूमिका करत होती. एक नव्या विचारांची सून, आणि दुसरी पदर खोचलेली, कंबरेवर हात ठेवून तेलाची अख्खी किटली कढईत ओतणारी बाई. त्या बाईला ‘अंदाजे आंटी’ असं नाव दिलं होतं. ती बाई ‘अगं, अंदाजानं घाल गं’ म्हणायची आणि बोटानं कपाळावरची बट मागे सारायची. तशी बट मागे सारायची सवय कुणाला आहे, विचारा मंडळात कुणालाही.

मला तो व्हिडिओ कुणी दाखवला माहिताय? माझ्या मुलीनं. हसत हसत आली, ‘मम्मी, देखो ना यार, बिल्कुल आप हो!’ म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी मागून ‘अंदाजे आंटी’ म्हणालं आणि खसखस पिकली, तेव्हा मात्र रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पल्लवी तिथेच होती. तिनं जीभ चावली, माझ्या दंडाला धरून म्हणाली, ‘ताई, मजाक था हाँ, रागावू नका.’ मी म्हटलं, छे गं, कशाला रागावू?

त्या दिवसापासून मी वाट बघत होते.

आता अळूबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. आपल्याकडे वडीचं अळू वेगळं असतं. काळसर देठाचं, कमी खाजरं. त्याचे कंद मी माहेराहून आणून गच्चीत डब्यांमध्ये लावलेत. लखनौच्या बाजारात मिळतात ती घुइयाँची पानं, म्हणजे आपल्या अरवीची. दिसायला तशीच, किंबहुना जास्त सुंदर, रुंद आणि हिरवीगार. पण चिंच नीट पडली नाही तर घसा सोलून काढतात. मला हे इथं आल्या वर्षीच कळलं. नवऱ्याच्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं, आणि जेवताना साहेब जे खाकरायला लागले! तेव्हा शेजारच्या भाभींनी शिकवलं, ‘इन पत्तों में खटाई दिल खोलकर डालिए, भाभीजी.’ तेव्हापासून बाजारची पानं असली की मी चिंचेचा दाट कोळ दुप्पट घालते आणि वाफही चांगली देते. हे मी पल्लवीला कधी सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्हे. तिच्यासमोर वड्या केल्या त्या नेहमी माझ्या गच्चीतल्या पानांच्याच, म्हणून तो विषयच निघाला नव्हता.

गणपतीच्या आधी ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. नवऱ्याचा प्रकल्प संपत आला होता, पुढचं काही ठरत नव्हतं. पण एक आशा होती. हजरतगंजमध्ये कॅफे चालवणाऱ्या एक मॅडम तिचे व्हिडिओ बघायच्या. त्यांना मराठी पदार्थ ठेवायचे होते, कमी तेलातले, नव्या पद्धतीचे. मंडळाच्या महाप्रसादाला त्या येणार होत्या, पल्लवीच्या हातचं खाऊन बघायला. पटलं तर रोजचं काम तिला मिळणार होतं. ‘ताई, हे जमलं ना, तर आम्ही लखनौमध्येच राहू शकतो. सईची शाळासुद्धा इथेच बघितलीय,’ ती म्हणाली. तिला अळूवडी करायची होती. एअर फ्रायरमध्ये. आणि चिंच-गूळ न घालता, कारण त्यानं वडी बाहेरून काळी पडते आणि व्हिडिओत चांगली दिसत नाही. त्याऐवजी चार थेंब लिंबू.

मी काय केलं? मी गच्चीत गेले आणि माझ्या डब्यांतली कोवळी पानं खुडून तिला दिली. म्हटलं, करून बघ आधी. बेसनात तिखट, हळद, ओवा, तीळ, लिंबाचे थेंब. पानाच्या शिरा लाटण्यानं दाबून घ्यायच्या, पानावर पान उलटसुलट ठेवून लेप लावायचा, घट्ट गुंडाळायचं, वाफवायचं, कापायचं. तिनं केल्या. छान झाल्या हो! हिरव्यागार, खुसखुशीत. आम्ही दोघींनी खाल्ल्या. तिनं मला मिठी मारली.

आणि मग जाता जाता दारात चप्पल घालताना तिनं विचारलं, ‘ताई, महाप्रसादाला एवढी पानं तुमच्याकडे निघणार नाहीत. बाजारातली चालतील ना?’

मी म्हणाले, ‘न चालायला काय झालं?’

झालं. एवढंच. माझा गुन्हा एवढ्या चार शब्दांचा आहे. रागाच्या भरात गेलं का तोंडातून? नाही. मला तो प्रश्न येणार हे पानं खुडतानाच माहीत होतं. आणि मी तिथं थांबलेही नाही. म्हणाले, ‘असं कर, तुझ्या वड्या बाप्पाच्या नैवेद्याच्या ताटातच ठेवू या. केवढा मान!’ तिचे डोळे भरून आले. मला हवं होतं ते वेगळंच. नैवेद्याचं कुणी चाखत नाही. आमच्या मंडळात तर अजिबात नाही. मीठ बघायलासुद्धा जिभेला लावत नाहीत. म्हणजे आरती होऊन पानं वाढली जाईपर्यंत त्या वडीला कुणाची जीभ लागणार नव्हती. तिचीसुद्धा नाही.

महाप्रसादाच्या दिवशी निशातगंजच्या हॉलमध्ये ती नऊवारी नेसून आली होती. टेबलावर एअर फ्रायर मांडलेले, फोनसाठी स्टँड. आरती झाली. नैवेद्य दाखवला. प्रत्येकाच्या पानात प्रसादाची वडी पडली. माझी मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. हो, बाप्पाचा प्रसाद पर्समध्ये. पर्समध्ये आणखी एक वस्तू होती — घरून भरून आणलेली चिंच-गुळाच्या पाण्याची बाटली. तयारीनिशी गेले होते मी. आता तरी पटलं ना, की ही एका क्षणाची चूक नव्हती?

कॅफेच्या मॅडम पल्लवीच्या शेजारी बसल्या होत्या. पहिला घास घेऊन ‘वाह’ म्हणाल्या. मी त्यांच्याकडेच बघत होते, मांजर दुधाकडे बघतं तशी. आणि तेवढ्यात माझ्या कोपराशी सई आली. हातात वडी. मला दाखवून म्हणाली, ‘मम्माने बनाया!’

इथं मला थांबावंसं वाटतं. इतका वेळ जे सांगितलं ते मी मनातल्या मनात अनेकदा बोललेय, आणि त्यात थोडी मजाही घेतलीय. हे पुढचं मात्र कधी मनातही पूर्ण उच्चारलेलं नाही.

तिच्या हातातून वडी काढून घेणं किती सोपं होतं! ‘बाळ, तिखट आहे, तुला लाडू देते’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी हात पुढे केलासुद्धा. मग वाटलं, कुणी बघितलं तर? उद्या कुणाला आठवलं, की वहिनींनी पोरीला वडी खाऊ दिली नव्हती — तर? मी पुढे केलेला हात तिच्या केसांवरून फिरवला. म्हणाले, ‘खा.’

तिनं खाल्ली.

आधी मॅडमना खोकला आला. मग इकडून तिकडून खाकरण्याचे आवाज. कुणी पाणी मागतंय, कुणी घसा चोळतंय. ‘गले में काँटे से चुभ रहे हैं,’ मॅडम म्हणाल्या आणि ताट सारून उठल्या. आणि मग सई रडायला लागली. ओठ सुजले होते, जीभ बाहेर काढून हातानं ओरबाडत होती. पल्लवी वेड्यासारखी तिला घेऊन हॉलभर धावत होती. तिला कळतच नव्हतं काय झालं ते.

मी बाटली काढली. सईला घोट घोट चिंच-गुळाचं पाणी पाजलं, ओठांना तूप लावलं. तिला छातीशी धरून बसले. बाकीच्यांना दही वाटायला लावलं. हळूहळू पोर शांत झाली, माझ्याच मांडीवर झोपली. संध्याकाळपर्यंत खेळायलाही लागली. सगळे म्हणत होते, वहिनी होत्या म्हणून निभावलं. अनुभव तो अनुभव. असल्या नव्या थेरांपेक्षा आपली जुनी पद्धत बरी. हे सगळं मी ऐकलं आणि बट मागे सारली.

मॅडमचा फोन पुन्हा आला नाही. पल्लवीनं चॅनल बंद केलं. नवऱ्याची मुदत संपल्यावर ते नाशिकला तिच्या सासरी गेले, आता ती तिथं कुठल्याशा दुकानात हिशेब बघते. निघताना माझ्या पाया पडली. म्हणाली, ‘ताई, तुम्ही नसता तर माझ्या सईचं काय झालं असतं?’ मी तिला उठवून जवळ घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खरं होतं. कशाचं होतं, ते विचारू नका.

मला स्वतःला फसवायचं असतं तर सोपं होतं. चिंच न घालायची अक्कल तिची. व्हिडिओत माझी टर उडवली ती तिनं. पण सईनं माझं काय केलं होतं? त्या पोरीची आठवण आली की घास घशाखाली उतरत नाही. पल्लवीची आली तर उतरतो. हेही सांगून टाकते, सांगायला बसलेच आहे तर.

दर गणपतीला ती मला फोन करते. या वर्षीही केला. सईला शाळेत कसलंसं बक्षीस मिळालं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, असं इकडचं तिकडचं बोलली. मग दर वर्षी विचारते तेच तिनं विचारलं. ‘ताई, तेव्हा माझं नक्की काय चुकलं होतं हो? मी परत कधी वड्या केल्याच नाहीत. खरं सांगू, चारजणांसाठी काही करायचं म्हटलं की बाहेरूनच मागवते.’

मी एकटीच होते घरात. पानं, चिंच — एक वाक्य पुरलं असतं. ती कदाचित चिडलीसुद्धा नसती.

मी म्हणाले, ‘काही चुकलं नव्हतं गं. स्वयंपाक सगळ्यांनाच नाही जमत.’

ती हळूच म्हणाली, ‘हो ताई. मलाही तसंच वाटतं.’

आणि मला बरं वाटलं.