भासरे खोलीत असताना

मंदाबाईंनी नवऱ्याचा लुळा हात धरून ओढला आणि त्या सकाळी मी तिसऱ्यांदा ओरडले, "हात नाही ओढायचा, बाई."

मी सौंसरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. देवरावभाऊंना स्ट्रोक आला होता, म्हणजे लकवा. डावी बाजू गेली होती. अशा हाताचा खांदा सैल पडतो. ओढला की सरकतो आणि पुढे कित्येक महिने ठणकतो. म्हणून पेशंटला पलंगावरून खुर्चीत न्यायची रीत आहे. त्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवायचे, दोन्ही हात त्याच्या पाठीमागे नेऊन त्याला कमरेशी घट्ट धरायचं, आणि तीन म्हणताच उठवून वळवायचं. याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो.

"सोमवारी डिस्चार्ज," डॉक्टर म्हणाले. "बाईंना जमतंय?"

"नाही, सर."

"मग मुलीकडे नागपूरला पाठवू. तिथे उचलायला माणसं आहेत."

देवरावभाऊंचं तोंड एवढंसं झालं. पांढुर्ण्याजवळचं घर आणि संत्र्याचा बगीचा सोडून त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

चार दिवस शिकवून बाई ढिम्म, म्हणून मी वैतागलेच होते. दुपारी सहज डोकावले, तर मंदाबाईंनी एकटीने नवऱ्याला अलगद खुर्चीत बसवलं. अगदी पुस्तकात दाखवतात तसं.

"अवं बाई, मंग सकाळी काय झालं होतं?"

त्यांनी पदर सारखा केला. "सकाळी भासरे बसून होते नं, मॅडम. त्यायच्यासमोर यायले असं कवेत घेऊ का मी?"

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गुलाबराव. पलंगाजवळच्या स्टुलावर त्यांचा दिवसभर मुक्काम. आत्ता ते चहाला गेले होते. चार दिवस मी गुडघे बघत होते, स्टूल बघितलंच नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

"घरी तं बाहेर पाठवता येईल त्यांना?"

"आमचं नं त्यायचं घर एकच हाय, मॅडम. कुठी पाठवू?"

मी थेट चहाच्या टपरीवर गेले आणि गुलाबरावांना सगळं सांगितलं. चहावर फुंकर मारता मारता ते थांबले.

"मले काऊन नाही सांगतलं कोणी?"

"त्या कशा सांगतील? तुमच्यासमोर तोंड उघडत नाहीत."

"हे बी खरं हाय," ते म्हणाले.

सोमवारी डॉक्टर बघायला आले. मंदाबाईंनी गुडघे टेकवले आणि थबकल्या. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात गुलाबराव स्टुलावरून उठले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि शेतात हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "देवराव, तयार राय. एक. दोन. तीन."

तीनला देवरावभाऊ खुर्चीत होते.

"झालं का?" गुलाबरावांनी खिडकीलाच विचारलं. वॉर्डभर हसू फुटलं. मंदाबाईही पदराआड हसत होत्या. डॉक्टरांनी कागदावर नागपूर खोडून घर लिहिलं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

आमच्या फॉर्मवर पलंगाची उंची, दाराची रुंदी, पायऱ्या किती, असे सगळे प्रश्न छापलेले आहेत. त्याखाली मी आता पेनाने एक प्रश्न वाढवते: खोलीत कोण बसलेलं असतं?