पायाळूचा पाय

जर्मनीला निघाले त्या सकाळी हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात शेजारच्या काकू माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या कंबरेत उसण भरली होती आणि मी पायाळू, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाने दुखऱ्या कंबरेला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे अजून धरून चालतात. बाबांना ते मुळीच खपायचं नाही. "आपण बौद्ध माणसं, आपण हे मानत नाही. चल, गाडी उभी आहे," ते बॅगा उचलत म्हणाले. तरी मी बूट काढून पाय लावला. आता आमच्या कंबरा कोण बघणार, असं काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. आई सोडून.

माझ्या पायांचा बाबांना अभिमान होता, पण तो वेगळा. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये जीन्सच्या कारखान्यावरच्या हॉलमध्ये मी बॅले शिकायचे. बाबा आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर. मला घरी प्रॅक्टिसला धरायला म्हणून त्यांनी भिंतीत लोखंडी पाइप बसवला. त्याला धरून मी लादीवर उड्या मारायचे आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन भांडायचे.

तिकडे जर्मनीत एका थिएटरच्या बॅले कंपनीत नाचायला लागले. तिथे उड्यांसाठी खास लाकडी जमीन होती, फिजिओ होती. तरी एका उडीत डावा घोटा वळला. सीझन चालू होता आणि माझ्या जागेवर डोळा ठेवून बाकीच्या पोरी उभ्याच होत्या. घोटा करकचून बांधून नाचत राहिले. त्याला वाचवायला सगळा भार कंबरेवर घेतला. पाय मागे उचलला की कण्यात सुई घुसायची. शेवटी स्कॅनमध्ये मणक्याला चीर निघाली. घोट्याचं लिगामेंट तर कधीच गेलं होतं. नीट चालता येईल, एवढंच डॉक्टरीण म्हणाली. नाचण्याबद्दल ती बोललीच नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं. आता त्याच थिएटरात तिकिटं देते. संध्याकाळी आत वादक वाद्यं जुळवायला लागले की फार राग येतो. कोणाचा, ते कळत नाही.

जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांना फोनवरचं 'मस्त चाललंय' माहीत असेल. मागे राहिलेल्यांनो, त्यावर फार विश्वास ठेवू नका.

या हिवाळ्यात घरी आले. बाबा रिटायर झालेत आणि कंबर त्यांचीही गेलीय. एका दुपारी आई दळण आणायला गेली होती. बाबा पाइपाजवळ आले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"लाव जरा पाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते वळले नाहीत. पाइप धरून मी उजवा पाय उचलला. डावा घोटा लटपटला, कंबरेत कळ आली आणि पाय त्यांच्या गुडघ्यापर्यंतही पोचेना. बाबांनी मान वळवून पाहिलं. मग पाइपाला धरून हळूहळू लादीवर बसले, माझा पाय पोचेल एवढे खाली. मी पाय लावला.

"बरं वाटलं," ते म्हणाले.

मग त्यांना उठता येईना आणि मला वाकून त्यांना उठवता येईना. आई येईपर्यंत आम्ही तसेच थांबलो. जो माणूस हे मानत नव्हता, तो माझ्या पायासाठी खाली बसला. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच उरलंय.